चाकणला नेलेली क्षमा

कऱ्हाडहून पिंपरी-चिंचवडला निघालो तेव्हा शेजारच्या बापूंनी विचारलं, "नातवाला नोकरी लागली का काय तिकडं?" नाही म्हटलं. "मग दवाखान्याचं काही?" तेही नाही म्हटलं. या दोन कारणांवाचून कोणी त्या गावाला जावं हे त्यांना पटेना. बघण्यासारखं तिथं आहे तरी काय? कारखाने, त्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे आणखी कारखाने, आणि त्यांत राबणाऱ्या माणसांच्या भाड्याच्या खोल्या.

मी निघालो होतो शांतवन आढावकडे. पुण्यात तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढे मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवायला लागलो आणि तो पाळक झाला, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा धर्मगुरू. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा मला 'ख्रिस्ती विचारातली नीती आणि सुख' हा विषय दिला होता. शिकवायला मी तो वर्षानुवर्षं शिकवला, पण एखाद्या ख्रिस्ती घरात चार दिवस मुक्काम म्हणून कधी केला नव्हता. आणि दुसरं कारण त्याहून मोठं होतं. गेल्या वर्षी शांतवनचा एकुलता एक मुलगा आशिष चाकणच्या एका कारखान्यात अपघातात गेला. मी तेव्हा स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर अंथरुणात होतो, जाता आलं नाही. यंदा त्याचाच फोन आला. "ईस्टरच्या आठवड्यात ये मधू. इथं माझ्याशी भांडायला कोणी नाही. सगळे मान डोलावतात."

थेरगाव, गुरुवार

डांगे चौकात उतरलो तर रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मला वाटलं, काही सण असावा. सण नव्हता, सुट्टी होती. इकडच्या बऱ्याच कारखान्यांचा आठवडा रविवारी संपत नाही, गुरुवारी संपतो. आठवडाभर शिफ्टमध्ये अडकलेलं अख्खं गाव त्या दिवशी बाजारात उतरतं. कोथिंबिरीच्या ढिगामागून बीडची बोली ऐकू येत होती, चपलांच्या दुकानात कोकणी हेल. आमच्या कऱ्हाडात बाजारात गेलं की निम्मी माणसं ओळखीची निघतात. इथं कोणी कोणाच्या गावचं नाही, त्यामुळे सगळे एकमेकांना 'भाऊ' म्हणतात.

शांतवन स्कूटर घेऊन आला होता. केस पार पांढरे झालेले. "सलाम," तो म्हणाला. नगर-जालन्याकडचे ख्रिस्ती लोक नमस्काराच्या जागी सलाम म्हणतात, हे मी वसतिगृहातच शिकलो होतो. मीही सलाम म्हटलं, आणि पिशवी पायांत धरून मागे बसलो.

घर दुसऱ्या मजल्यावर, आटोपशीर. मार्थावहिनी मराठी शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. बाहेरच्या खोलीत आशिषचा फोटो होता, तिशीच्या आतला, हसरा, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. फोटोला हार नव्हता. माझी नजर तिथं थांबलेली वहिनींनी पाहिली.

"तुमच्याकडे हार घालतात ना," त्या म्हणाल्या. "आमच्यात घालू नये असं काही नाही. पण आम्ही माणूस गेला असं म्हणत नाही, निजला म्हणतो. निजलेल्या माणसाला हार कोण घालतं?"

त्या स्वयंपाकघरात गेल्या.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस हे घर मांसाहार करत नाही. ताटात ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. आमच्या चातुर्मासातलं ताट म्हणून खपून गेलं असतं. जेवणाआधी दोघांनी डोळे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हटली, येशूने शिष्यांना शिकवलेली, प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते ती. मी डोळे उघडे ठेवून ऐकत होतो. दोन आवाज जोडीनं चालले होते. मध्ये क्षमेचं वाक्य येतं, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, या अर्थाचं. तिथं वहिनींचा आवाज थांबला. ते वाक्य शांतवन एकटाच बोलला. पुढच्या वाक्याला त्या परत मिसळल्या. शांतवनने डोळे उघडले नाहीत, यावरून हे रोजचंच असावं असं मला वाटलं.

जेवणानंतर आम्ही गॅलरीत बसलो आणि मी माझा विषय काढला. म्हटलं, "मुलांना मी सांगायचो की ख्रिस्ती विचारातही सगळी सुरुवात सुखापासूनच होते. प्रत्येकाला सुख हवं, आणि ते देवात मिळतं. बरोबर ना?"

"बरोबर आहे, पण फार लवकर संपवलंस," तो म्हणाला. "सुख हवं इथवर सगळेच येतात. जुन्या लोकांनी पुढचा प्रश्न विचारला. सगळ्यांना सुखच हवं, तर माणूस वाईट का वागतो? तर तो वाईटावर प्रेम करतो म्हणून नाही. चांगल्याच गोष्टींवर करतो, पण क्रम चुकवून. पोटापाण्याची काळजी चांगली. मालकाचा शब्द राखणंही चांगलं. पण ते माणसाच्या वर गेलं की पाप झालं. नीती म्हणजे काय, तर प्रेमाचा क्रम नीट लावणं. देव वर, त्याच्या लगोलग शेजारी, बाकी सगळं त्याखाली."

"आणि शेजाऱ्यावर प्रेम कसं करायचं? आवडत नसला तर?"

"आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'प्रीती' म्हणतात. प्रीती आवडण्यावर नसते रे. त्याचं भलं व्हावं असं ठरवणं, आणि त्यासाठी हात हलवणं, एवढंच."

"सोपं करून सांगतोयस."

"सांगायला सोपंच आहे," तो म्हणाला, आणि खाली रस्त्याकडे बघत राहिला.

भोसरी, शुक्रवार

शांतवनची मंडळी भोसरीत भरते. औद्योगिक वसाहतीच्या एका गल्लीत खाली लेथ मशीनचं वर्कशॉप आणि वर पत्र्याच्या छपराचा हॉल. गुड फ्रायडेची उपासना भर दुपारी तीन तास चालते. वधस्तंभावर येशूने उच्चारलेली सात वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यावर एकेका माणसाने बोलायचं. लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. बरेच जण उपाशी होते, काही रातपाळी करून थेट आलेले. पेटी आणि तबल्यावर गाणी झाली, चाली ओवी-अभंगांच्या. डोळे मिटले असते तर आमच्याकडच्या एकादशीच्या भजनात बसल्यासारखं वाटलं असतं. फरक इतकाच की बायका-पुरुष एका रांगेत होते आणि खालून लेथचा आवाज अखंड येत होता. सरकारी सुट्टी होती, पण वर्कशॉपवाल्याला ऑर्डर पूर्ण करायची असावी.

पहिलं वाक्य क्षमेचं असतं. आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठी येशूने मागितलेली क्षमा. त्यावर बोलणारे गृहस्थ आजारी पडले म्हणून आले नाहीत. शांतवन स्वतः उठला. समोर उभा राहिला. माणसं वाट पाहत होती. पंख्याखाली एक बाळ रडायला लागलं, आई त्याला बाहेर घेऊन गेली.

"या वाक्यावर मी कितीतरी वर्षं बोललोय," तो म्हणाला. "यंदा मला बोलता येत नाही. ज्याला मी क्षमा करायला हवी, त्याच्या दारापर्यंत मी अजून गेलेलो नाही. न जाता तुम्हाला कसं सांगू? मला माफ करा." आणि तो खाली बसला.

मग मागून एका म्हातारबुवांनी खड्या आवाजात गाणं उचललं, बाकीचे हळूहळू मिसळले आणि उपासना पुढे सरकली. मी मार्थावहिनींकडे पाहिलं. त्या गात नव्हत्या. नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

उपासना संपल्यावर गल्लीच्या तोंडाशी टपरीवर चहा-पाव घेताना शांतवनने सगळं सांगितलं. आशिष ज्या लाइनवर होता तिथला सुपरवायझर प्रकाश उबाळे, जालन्याचा, याच मंडळीतला मुलगा. त्यानेच आशिषला ती नोकरी लावून दिली होती. त्या दिवशी जड साचा, तिकडे डाय म्हणतात तो, क्रेनने उचलताना बेल्ट तुटला आणि आशिष खाली सापडला. चौकशीत असं निघालं की झिजलेला बेल्ट आशिषने स्वतःच्या मनाने वापरला, चूक त्याची. प्रकाश तिथं हजर होता, त्याने अडवलं नाही. पुढे प्रकाश मातीला आला नाही, भेटायलाही आला नाही. चर्चला येणंही बंद केलं.

"माझा राग एवढाच," शांतवन म्हणाला. "तू तिथं होतास. एक शब्द बोलला असतास. आणि नंतर तोंड तरी दाखवलं असतंस."

"आता काय करणार?"

"उद्या जातो. तू चल बरोबर. एकट्याने गेलो तर अर्ध्या वाटेवरून परत येईन."

संध्याकाळी त्याने वहिनींना विचारलं. त्या भांडी पुसत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुम्ही जा. तुम्हाला जमत असेल तर करा माफ. माझ्या वाटेचं त्याला काही सांगू नका. आणि आशिष बेफिकीर होता असं त्या घरात कोणी म्हटलं, तर तिथं पाणीसुद्धा पिऊ नका."

चाकण, शनिवार

भोसरीहून चाकणला जायचं म्हणजे नाशिक रस्ता. मोशी गेलं, इंद्रायणी ओलांडली, आणि पुढे कंटेनर, ट्रेलर, नव्या कोऱ्या गाड्यांनी भरलेले दुमजली ट्रक. बस त्यांच्यामध्ये मुंगीच्या पावलांनी चाललेली. चाकण चौकाच्या अलीकडे ती थांबली ती थांबलीच. कंडक्टर म्हणाला, "ज्यांना घाई हाय त्यांनी उतरा राव, चालत लवकर पोचाल." आम्ही उतरलो. एप्रिलचं ऊन, धूळ, आणि त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. बाजाराच्या कडेला चांभार भेटला. तो टाका घालेपर्यंत मी एका पायावर, शांतवनच्या खांद्याला धरून उभा. कांद्याचा वास आणि डिझेलचा धूर असा मिसळलेला की कुठला कुठला ते कळेना. शांतवन हसला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"मी काय बोलायचं ते पाठ केलंय," तो म्हणाला. "नोकरीला लागल्यावर पहिल्या प्रवचनासाठी केलं होतं तसं."

प्रकाशची खोली गावाच्या कडेला होती. शेतं विकून बांधलेल्या चाळी, पुढे गोठा, त्यापलीकडे कारखान्याची निळी भिंत. घरमालकीण म्हैस धूत होती.

"परकाश ना? व्हय, हाय की घरात. रातपाळी करून आलाय. पर झोपत न्हाई त्यो. बसून ऱ्हातो नुसता." मग आमच्याकडे निरखून बघत, "पाव्हणं का तुमी त्याचं?"

"हो," शांतवन म्हणाला.

प्रकाश दारातच दिसला. पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं, बनियनवर. शांतवनला पाहिल्याबरोबर तो भिंतीला टेकला. सलाम म्हणाला नाही, या म्हणाला नाही. आम्हीच आत गेलो. चटई, एक स्टोव्ह, कोपऱ्यात गुंडाळलेलं अंथरूण. बायको-मुलांना त्याने गावी पाठवून दिलं होतं.

शांतवनने पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली. आवाज नीट होता. "प्रकाश, वर्ष होत आलं. मी मनात राग धरला, तो बरोबर नव्हता. तू त्या दिवशी त्याला अडवलं नाहीस. ती चूक माणसाकडून होते. मी तुला क्षमा करायला आलोय."

प्रकाशने मान वर केली. "कशाची?" त्याने विचारलं.

"अडवलं नाहीस त्याची."

"पाळकसाहेब, अडवायला तो चाललाच नव्हता." प्रकाशचा आवाज अगदी खाली गेला. "आशिष नाई म्हणला होता. बेल्ट फाटू लागलाय, नवा येऊ द्या, म्हणला. दोनदा म्हणला. स्टोअरला कुलूप होतं, चावीवाला माणूस नव्हता. गाडी भरायची थांबली होती. वरून फोनवर फोन. म्या म्हणलं, आजच्या दिवस चालवून घे, माझ्या शब्दावर. माझ्या शब्दावर म्हणलं म्हणून त्यानं उचललं." तो थांबला. "चौकशीत म्या उलटं सांगितलं. त्यानं त्याच्या मनानं घेतला म्हणून सांगितलं."

शांतवन उठला. तो खोलीबाहेर गेला, गोठ्याच्या बाजूने सरळ रस्त्याकडे चालत सुटला. मी दारात आलो तोवर तो निळ्या भिंतीच्या कडेने दूर पोचला होता.

मी प्रकाशजवळ बसून राहिलो. मनात आलं, क्षमेबद्दल वर्गात मी जे जे सांगितलं त्यात अपराध आधीच पूर्ण कळलेला असतो, फक्त मन मोठं करायचं बाकी असतं. शांतवनने थेरगावातून जेवढ्या अपराधाच्या मापाची क्षमा आणली होती, तेवढी इथं पुरत नव्हती. एका मुलाचा जीव, आणि वर मेल्यावरही त्याच्या नावाला लावलेला डाग. आता तो परत येईल तो काय घेऊन?

प्रकाश म्हणाला, "तुम्ही कोण?"

"त्यांचा मित्र. मास्तर आहे."

"मला शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, मास्तर. कोणीच काही म्हणत नाई. कंपनीत तर म्हणू लागले, तू सावरून घेतलंस सगळं. परमोशन देऊ लागले होते, म्या नाई म्हणलं."

"मग खरं का सांगत नाहीस?"

"लेकरं हायेत." थोड्या वेळाने, "आणि सांगितलं तर काय, तो येणार हाय का?"

शांतवन परत आला तेव्हा त्याचा सदरा घामाने चिकटला होता. घरमालकिणीने मागोमाग तांब्या-भांडं आणून ठेवलं. तो चटईवर बसला, पण पाण्याला हात लावला नाही.

"प्रकाश," तो म्हणाला, "येताना जे आणलं होतं ते संपलं. आता माझ्याकडे तुला द्यायला काही नाही. माझ्या मनात काय आहे ते मी बोलत नाही, ते चांगलं नाही. पण तुझं भलं कशात आहे ते मला दिसतंय. तू असा बसून मरशील. तू खरं सांग. माझ्यासाठी नको सांगूस, आशिषसाठी सांग, आणि तुझ्यासाठी सांग. सोमवारी मी येतो, तुझ्याबरोबर आत येतो. नोकरी गेली तर मंडळी आहे. भोसरीत अर्धे लोक वर्कशॉपवाले आहेत, तुला उपाशी ठेवणार नाहीत. तुला एकट्याला जावं लागणार नाही, एवढं मी बघतो."

"तुम्ही येणार? माझ्याबरोबर?"

"हो."

प्रकाश रडायला लागला. शांतवनने त्याला जवळ घेतलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. तो फक्त बसून राहिला, रडणं थांबेपर्यंत. निघताना म्हणाला, "उद्या पहाटे दफनभूमीत उपासना आहे. यायचं की नाही ते तू ठरव. मार्था असेल तिथं. तिच्याकडून मी काही कबूल करत नाही."

परतीच्या बसमध्ये जागा मिळाली. मोशी आल्यावर मी विचारलं, कारण तो माझा स्वभाव आहे, "हे करायला देव लागतोच का रे? चांगला माणूस एवढं करू शकणार नाही?"

"करू शकेल," तो म्हणाला. "मी तेवढा चांगला नाही. त्या भिंतीपाशी उभा होतो तेव्हा माझ्यात त्याच्यासाठी काहीही नव्हतं. परत फिरलो ते माझ्या जोरावर नाही. आम्ही त्याला कृपा म्हणतो. तू दुसरं काही म्हण."

"आणि सुख? काल परवा म्हणत होतास."

त्याने विचार केला. "येशूने डोंगरावर बसून ज्यांना धन्य म्हटलं, त्यांत रडणारी माणसंही आहेत. तरुणपणी मला ते कोडं वाटायचं. रडणारा सुखी कसा? धन्य म्हणजे सुखी नव्हेच. धन्य म्हणजे योग्य जागी उभा असलेला. दुखत असतं तिथंही."

माझ्या व्याख्यानात ते मी नंतर सांगितलं. पण बसमध्ये मला ते पूर्ण पटलं नव्हतं. ज्याचा मुलगा गेला त्याने योग्य जागी उभं राहून काय करायचं? हे मी त्याला म्हटलं नाही. अजूनही तो प्रश्न माझ्याजवळ आहे.

घरी पोचल्यावर शांतवनने वहिनींना सगळं, एक शब्द न वगळता सांगितलं. त्या उभ्याच ऐकत होत्या. आशिष दोनदा नाही म्हणाला होता, हे ऐकल्यावर त्या खुर्चीवर बसल्या. "दोनदा?" त्यांनी विचारलं. "दोनदा," मी म्हणालो. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या, मोठ्याने. शांतवन मला हळूच म्हणाला की वर्षभरात त्या अशा रडल्या नव्हत्या. मुलगा गेला तो गेला, पण आज तो त्यांना निर्दोष परत मिळाला होता. प्रकाशचं नाव त्यांनी रात्री एकदाही घेतलं नाही.

दफनभूमी, रविवार

सोमवारचं आधी सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. सोमवारी शांतवन प्रकाशला घेऊन कारखान्यात गेला. प्रकाशने लेखी जबाब दिला. त्याची नोकरी गेली, आणि प्रकरण पुढे चौकशीवाल्यांकडे गेलं. ते काय ठरवतील ते अजून ठरायचं आहे. प्रकाश सध्या भोसरीत एका वर्कशॉपवर हाताखाली काम करतो. आशिषच्या नावापुढची चूक खोडली गेली. हे मला फोनवर कळलं. मी रविवारी दुपारीच परत निघालो होतो.

पण रविवारची पहाट मी पाहिली. ईस्टरच्या दिवशी हे लोक सूर्योदयाला दफनभूमीत जमतात. आदल्या दिवशी कबरींना चुना देऊन ठेवलेला असतो. अंधार असतानाच माणसं फुलं, मेणबत्त्या घेऊन येतात आणि आपापल्या माणसापाशी बसतात. आम्ही स्मशानातून घरी आलो की आंघोळ करतो, मागे वळून बघत नाही. ही माणसं नवे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन तिथं जातात. मुलं कबरींच्या मधून पळत होती, कोणी त्यांना दटावत नव्हतं. पूर्वेला फटफटलं तसं शांतवन मध्ये उभा राहून मोठ्याने म्हणाला, प्रभू उठला आहे. चहूबाजूंनी उत्तर आलं, खरोखर उठला आहे. मग गाणं सुरू झालं. माझा विश्वास नाही, तरी अंगावर काटा आला.

प्रकाश फाटकाजवळ उभा होता. कधी आला कळलं नाही. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. आत येत नव्हता.

उपासना संपली, माणसं एकमेकांना सलाम करत, गळाभेट घेत पांगू लागली. मार्थावहिनी आशिषच्या कबरीशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सरळ फाटकाकडे चालत गेल्या. शांतवन पुढे व्हायला लागला, मी त्याचा दंड धरला. आम्ही थोड्या अंतरावर थांबलो, पण सगळं ऐकू येत होतं.

प्रकाशने मान खाली घातली. "मावशी," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. शाळेत चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं नाही, दुसऱ्याच कशाचा तरी शोध घेत असल्यासारखं.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "वर्षभर मी हेच मनात धरून बसलेय, कोणाला विचारायचं कळत नव्हतं. त्या दिवशी त्यानं डबा खाल्ला होता का? का उपाशीच गेला?"

"खाल्ला, मावशी. जेवणाच्या सुट्टीनंतरच झालं ते. मेथीची भाजी होती."

"पोटभर?"

"पोटभर."

वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "शेवटी शेवटी तो रोज दोन भाकरी जास्त मागायचा. मी म्हणायचे, अंगाला तर लागत नाही तुझ्या."

प्रकाशने डोळे पुसले. "त्या माझ्या असायच्या, मावशी. माझी बायको बाळंतपणाला गावी होती. मी मेसचं खात नव्हतो, पोट बिघडायचं. तो म्हणला, आई देते, तू कशाला काळजी करतोस. चार महिने मी तुमच्याच हातचं जेवलो."

मागे कोणीतरी पोरांना हाका मारत होतं, चहाच्या किटल्या आल्या होत्या. सूर्य भिंतीच्या वर आला होता आणि प्रकाशच्या तोंडावर ऊन पडलं होतं.

"म्हणजे तुला मीच जेवू घालत होते," वहिनी शेवटी म्हणाल्या, आणि बाजूला होऊन त्यांनी त्याला फाटकातून आत यायला वाट दिली. "असा उन्हात उभा राहू नकोस. आत ये."